एक 'नाही' आणि ३८१ दिवस



बसमध्ये किंवा लोकलच्या डब्यात चढल्यावर आपली पहिली नजर रिकाम्या जागेकडे जाते. जागा मिळाली की आपण हुश्श म्हणून टेकतो. पुढच्या थांब्यावर एखादी आजी किंवा कडेवर मूल घेतलेली आई समोर येऊन उभी राहिली, तर आपल्यापैकी पुष्कळजण उठतात आणि तिला बसायला देतात. ते आपण आपल्या मनाने करतो आणि त्याचे समाधानही वाटते.

आता जरा वेगळी कल्पना करू या. तुम्ही दिवसभर काम करून, तिकिटाचे पूर्ण पैसे भरून बसला आहात. समोर एक धडधाकट पुरुष येऊन उभा राहतो. बसचा ड्रायव्हर तुम्हाला दरडावतो, "ऊठ!" कारण काय, तर त्या पुरुषाच्या कातडीचा रंग गोरा आहे आणि तुमचा काळा. उठला नाहीत तर तुरुंग. अशा वेळी आपण काय करू?

या प्रश्नाचे उत्तर एका बाईने दिले. तिचे नाव रोझा पार्क्स. तिची गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून आणि प्रवचनांतून आपल्या कानांवर आलेली असते. पण ती बहुधा अर्धीच आलेली असते. आज आपण ती पूर्ण समजून घेण्याचा प्रयत्न करू या. उरलेल्या अर्ध्या भागातच आपल्यासारख्या साध्या माणसांसाठी खरा धडा आहे, असे आम्हांला वाटते.

गुरुवारची संध्याकाळ

अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी. तारीख १ डिसेंबर १९५५, गुरुवार. नाताळ जवळ आलेला, दुकाने सजलेली. एका मोठ्या दुकानाच्या शिवणखात्यात काम करणाऱ्या बेचाळीस वर्षांच्या रोझा पार्क्स सुटी झाल्यावर क्लीव्हलँड ॲव्हेन्यूच्या बसमध्ये बसल्या.

त्या काळी माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्यांची आणि कृष्णवर्णीयांची जागा वेगळी होती. छत्तीस आसनांपैकी पुढची दहा गोऱ्यांसाठी राखून ठेवलेली असत. ती रिकामी असली तरी काळ्या माणसाने तेथे बसायचे नाही. मागची आसने कृष्णवर्णीयांची. मधली आसने कुणाची, हे ड्रायव्हर ठरवणार. कृष्णवर्णीय प्रवाशाने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, पुन्हा खाली उतरायचे आणि मागच्या दाराने आत यायचे, अशीही रीत होती. कधी कधी तो मागच्या दारापाशी पोहोचण्याआधीच बस निघून जाई. बसच्या प्रवाशांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक कृष्णवर्णीय होते. म्हणजे ज्यांच्या पैशांवर बस चालत होती, त्यांनाच ही वागणूक मिळत होती.

रोझा मधल्या भागातल्या पहिल्या ओळीत बसल्या होत्या. एम्पायर थिएटरच्या थांब्यावर काही गोरे प्रवासी चढले. पुढच्या सर्व जागा भरल्या आणि एक गोरा माणूस उभा राहिला. एका माणसाला एकच जागा हवी होती. पण काळ्या माणसाने गोऱ्याच्या ओळीत बसायचे नसल्यामुळे ड्रायव्हरने त्या ओळीतल्या चौघांनाही उठायला सांगितले. थोडे रेंगाळून तिघेजण उठले. रोझा उठल्या नाहीत. त्या खिडकीकडे सरकून बसल्या.

ड्रायव्हरने विचारले, उठणार आहेस की नाही? त्यांनी नाही म्हटले. पोलिसांना बोलावून अटक करवीन, असे त्याने बजावले. तसे करायला आपली हरकत नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. दोन पोलीस आले. आम्हा लोकांना असे का लोटता, असे रोझांनी त्यांच्यापैकी एकाला विचारले. आपल्याला ठाऊक नाही, पण कायदा तो कायदा, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले आणि त्यांना अटक केली.

त्या तिघांविषयीही एक शब्द लिहायला हवा. त्यांना भित्रे म्हणणे आपल्याला सोपे आहे. पण घरी लेकरे वाट पाहत असतील, उद्या नोकरीवर जायचे असेल, तर आपण त्या चौथ्या माणसासारखे वागलो असतो, असे छातीला हात लावून कितीजण म्हणू शकतील?

'दमलेली शिवणवाली' ही अर्धीच गोष्ट

पुष्कळ ठिकाणी ही गोष्ट अशी सांगतात की, दिवसभराच्या कामाने एक गरीब बाई इतकी दमली होती की तिला उठवलेच नाही. रोझा पार्क्स यांनी स्वतः हे अनेकदा नाकारले. नेहमीच्या दिवसापेक्षा आपण जास्त दमलेल्या नव्हतो, कंटाळा आला होता तो सतत नमते घेण्याचा, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९१३ रोजी टस्कीगी येथे झाला. वडील सुतारकाम करीत, आई शिक्षिका होती. पाईन लेव्हल नावाच्या खेड्यात आजीआजोबांच्या शेतावर त्या वाढल्या. कृष्णवर्णीयांना दहशत बसवणारी 'कू क्लक्स क्लॅन' ही टोळी रात्री रस्त्याने फिरे, तेव्हा आजोबा बंदूक घेऊन दाराशी बसत. लहानगी रोझा त्यांच्यापाशी जागत राही. पुढे आजीच्या आणि आईच्या आजारपणामुळे त्यांना शाळा सोडावी लागली. १९३२ साली रेमंड पार्क्स या केशकर्तनकाराशी त्यांचे लग्न झाले. पतीच्या आग्रहाने त्यांनी लग्नानंतर शालान्त शिक्षण पूर्ण केले.

१९४३ साली त्या एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेच्या शाखेत दाखल झाल्या आणि सेक्रेटरी म्हणून निवडून आल्या. शाखेतले एक पुढारी होते ई. डी. निक्सन, रेल्वेच्या शयनयान डब्यात हमालीचे काम करणारे गृहस्थ. सेक्रेटरीचे काम म्हणजे पत्रे लिहिणे, सभांची नोंद ठेवणे आणि अन्याय झालेल्यांच्या जबान्या उतरून घेणे. १९४४ साली चर्चमधून घरी परतणाऱ्या रेसी टेलर या तरुण विवाहितेवर काही गोऱ्या तरुणांनी अत्याचार केला. तिची जबानी घ्यायला रोझा स्वतः ॲबव्हिल गावी गेल्या. आरोपींवर खटला उभा राहिला नाही. अशा किती तरी प्रकरणांत त्यांना न्याय मिळालेला दिसला नाही. तरी त्या लिहीत राहिल्या.

मतदार यादीत नाव घालायला त्यांना तीन वेळा जावे लागले. १९४५ साली नाव लागले, तेव्हा वयाच्या एकविसाव्या वर्षापासूनचा मागचा सगळा मतदान कर, साडेसोळा डॉलर, एकरकमी भरावा लागला. शिवणकाम करणाऱ्या बाईला ही रक्कम लहान नव्हती.

१९४३ सालीच एका ड्रायव्हरने त्यांना मागच्या दाराने ये म्हणून बसमधून उतरवले होते. त्याच्या बसमध्ये पुन्हा चढायचे नाही, असे त्यांनी ठरवले आणि बारा वर्षे ते पाळले. १ डिसेंबरच्या संध्याकाळी घाईत ड्रायव्हरकडे न पाहताच त्या चढल्या आणि नेमका तोच निघाला.

१९५५ च्या उन्हाळ्यात टेनेसी राज्यातील 'हायलँडर' या शिक्षण केंद्रात त्यांनी दोन आठवड्यांचे शिबिर केले. तेथे काळे आणि गोरे एका टेबलाशी बसून जेवत. ऑगस्टमध्ये शेजारच्या मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि सप्टेंबरमध्ये आरोपी निर्दोष सुटले. २७ नोव्हेंबरला माँटगोमेरीतील एका चर्चमध्ये त्या खुनाविषयी सभा झाली. रोझा त्या सभेला हजर होत्या. त्यानंतर चारच दिवसांनी त्या बसमध्ये चढल्या.

म्हणजे ते धैर्य अचानक आभाळातून पडले नव्हते. बारा वर्षे पत्रे लिहून, जबान्या घेऊन, पुन्हा पुन्हा हरून ते साठत गेले होते. अमुक दिवशी अटक करवून घ्यायची असा बेत मात्र त्यांनी केला नव्हता. प्रसंग आला तेव्हा त्या तयार होत्या, इतकेच.

तिच्याआधीची मुलगी

रोझा पार्क्स यांच्या आधी नऊ महिने, २ मार्च १९५५ रोजी, त्याच शहराच्या बसमध्ये क्लॉडेट कॉल्व्हिन नावाची पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी उठली नव्हती. पोलिसांनी तिला ओढत बाहेर काढले, हातांत बेड्या घातल्या आणि मोठ्यांच्या तुरुंगात टाकले.

मग तिच्यासाठी शहर का पेटून उठले नाही? पुढाऱ्यांनी विचार केला आणि थांबायचे ठरवले. वरच्या न्यायालयात तिच्यावरचा फक्त पोलिसांना मारहाण केल्याचा आरोप उरला. त्यामुळे त्या खटल्यातून बसच्या कायद्याला आव्हान देणे कठीण झाले. पण कारण एवढेच नव्हते. मुलगी वयाने लहान, तोंडाने फटकळ आणि गरीब वस्तीतली. पुढे काही महिन्यांत, लग्न झालेले नसताना, तिला दिवस गेले. विरोधी लोक हिचे चारित्र्य चव्हाट्यावर मांडतील, ही भीती पुढाऱ्यांना वाटली. ऑक्टोबरमध्ये मेरी लुईस स्मिथ या अठरा वर्षांच्या मुलीला अटक झाली. तिच्याही बाबतीत समाज हलला नाही.

रोझा पार्क्स विवाहित, शांत, चर्चला नियमित जाणाऱ्या, सर्वांना माहीत असलेल्या. त्यांच्यावर कुणाला बोट ठेवता येणार नव्हते. म्हणून त्यांच्या अटकेवर लढा उभा राहिला. पुढाऱ्यांचा हिशेब व्यवहाराच्या दृष्टीने चुकीचा नसेलही. पण त्या पंधरा वर्षांच्या मुलीला तो किती लागला असेल! तिने तेच धैर्य दाखवले होते, आणि तिच्याच माणसांनी तिला बाजूला ठेवले. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. ज्यांनी क्लॉडेटसाठी वर्गणी जमवली आणि तिला युवकांच्या गटात बोलावून जवळ केले, त्यांत रोझा पार्क्स होत्या.

शुक्रवार ते सोमवार

निक्सन यांनी त्याच रात्री जामीन दिला. त्यांच्याबरोबर क्लिफर्ड डर हे गोरे वकील आणि त्यांच्या पत्नी व्हर्जिनिया होत्या. तुमच्या खटल्यावर आपण लढा उभारू का, असे निक्सन यांनी विचारले. रेमंड घाबरले. गोरे लोक तुला मारून टाकतील, असे ते काकुळतीने म्हणाले. रोझांनी आईशी आणि पतीशी बोलून होकार दिला. आम्हांला वाटते, बसमधल्या 'नाही'पेक्षा घरातला हा 'हो' अधिक अवघड होता. बसमध्ये विचार करायला वेळ नव्हता. येथे परिणामांची पूर्ण कल्पना असताना त्यांनी पाऊल टाकले.

त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या कॉलेजच्या प्राध्यापिका कामाला लागल्या. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना चर्चची पत्रके काढण्याचे सायक्लोस्टाईल मशीन आठवत असेल. तसल्याच मशीनवर एका सहकाऱ्याच्या आणि दोन विद्यार्थ्यांच्या मदतीने त्यांनी रात्रभर हजारो पत्रके काढली. सोमवारी कुणीही बसने जाऊ नये, एवढाच त्यांतला निरोप. शुक्रवारी ती शाळांतून, दुकानांतून, घराघरांतून पोहोचली. रविवारी कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये पाळकांनी वेदीवरून तीच सूचना दिली.

सोमवार, ५ डिसेंबर. सकाळी बस रिकाम्या धावू लागल्या. त्याच दिवशी न्यायालयाने रोझांना दोषी ठरवून खर्चासह चौदा डॉलर दंड केला. संध्याकाळी होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये सभा भरली. आत जागा नव्हती, हजारो लोक बाहेर रस्त्यावर उभे राहून ऐकत होते. नव्या समितीचे अध्यक्षपद शहरात नव्याने आलेल्या सव्वीस वर्षांच्या एका पाळकाकडे आले होते. त्यांचे नाव मार्टिन ल्यूथर किंग. त्यांची पहिली मुलगी तेव्हा तीन आठवड्यांचीही नव्हती.

सुरुवातीच्या मागण्या पाहिल्या तर आश्चर्य वाटेल. ड्रायव्हरने सभ्यपणे बोलावे. कृष्णवर्णीयांनी मागून आणि गोऱ्यांनी पुढून, जो आधी येईल त्याने बसावे, कुणाला उठवू नये. कृष्णवर्णीय वस्तीच्या मार्गांवर कृष्णवर्णीय ड्रायव्हर नेमावेत. वेगळेपण पूर्ण संपवा, असेही त्यांनी तेव्हा म्हटले नव्हते. एवढेही मान्य झाले नाही, तेव्हा मागणी मोठी झाली.

३८१ दिवस

एका दिवसाचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. तो कसा चालला, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम टॅक्सीवाल्यांनी बसच्या भाड्यात, म्हणजे दहा सेंटमध्ये, लोकांना नेले. शहराच्या अधिकाऱ्यांनी टॅक्सीच्या किमान भाड्याचा नियम दाखवून ते बंद पाडले. मग लोकांनी आपल्या मोटारी दिल्या. सुमारे ३०० गाड्या, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा. चर्चच्या नावावर मोठ्या गाड्या घेतल्या. त्यांचा विमा कंपन्यांनी रद्द केला, तेव्हा लंडनहून विमा मिळवला. आणि ज्यांना गाडी मिळाली नाही ते चालत गेले. धुणीभांडी करणाऱ्या बाया पहाटे निघून मैलोन्‌मैल चालत. काही गोऱ्या मालकिणी आपल्या मोलकरणींना गाडीने न्यायला येत. त्यांत तत्त्व किती आणि घरकामाची अडचण किती, ते देव जाणे.

पेट्रोलला पैसे कुठून आले? जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीण बाईने इतर बायकांना घेऊन एक मंडळ काढले. त्या केक, पाय, सँडविच करून विकत आणि सोमवारच्या सभेत पैसे आणून देत. पैसे देणाऱ्या बायकांची नावे कळली तर त्यांच्या नोकऱ्या जातील, म्हणून मंडळाचे नाव ठेवले 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. पैसे कुठून आले, असे विचारले तर 'कुठूनच नाही' असे सांगायचे! आपल्या चर्चच्या फेस्टला घरून पदार्थ करून आणणाऱ्या बायकांना हे वाचून नक्की हसू येईल. जॉर्जियाबाईंनी न्यायालयात साक्ष दिली, म्हणून त्यांची नोकरी गेली. मग त्यांनी घरातच खाणावळ चालवली.

गोऱ्यांपैकीही काहीजण उभे राहिले. रॉबर्ट ग्रेट्झ हे कृष्णवर्णीयांच्या लुथरन चर्चचे गोरे पाळक. ते सकाळी स्वतः गाडी चालवून लोकांना कामावर सोडत. त्यांच्या घरावर बाँब पडले. ज्युलिएट मॉर्गन या ग्रंथालयात काम करणाऱ्या गोऱ्या बाईंनी बहिष्काराला आठवडा होताच, १२ डिसेंबरच्या स्थानिक वृत्तपत्रात पत्र लिहिले. या पायी चालणाऱ्या लोकांना पाहून आपल्याला गांधीजींची मिठाच्या सत्याग्रहाची यात्रा आठवते, असे त्यांनी लिहिले. त्यासाठी त्यांना स्वकीयांचा अतोनात छळ सोसावा लागला. दांडीच्या वाटेवर उठलेली धूळ पंचवीस वर्षांनी माँटगोमेरीच्या रस्त्यावर कुणाला दिसली, हे आपण भारतीयांनी लक्षात ठेवावे. किंग यांनीही गांधीजींकडून घेतलेले ऋण पुढे वारंवार मान्य केले. १९५९ साली ते पत्नीसह भारतात आले, तेव्हा मुंबईच्या मणिभवनातही राहिले.

३० जानेवारी १९५६ रोजी किंग यांच्या घरावर बाँब पडला, दोन दिवसांनी निक्सन यांच्या. फेब्रुवारीत बहिष्काराविरुद्धचा जुना कायदा उकरून ८९ जणांवर खटले भरले. त्यांत रोझा पार्क्सही होत्या. बोटांचे ठसे देतानाचे त्यांचे जे छायाचित्र आपण पाहतो, ते या दुसऱ्या अटकेचे आहे. पण या वेळी वेगळेच घडले. पुष्कळजण चांगले कपडे घालून स्वतःच्या पायांनी अटक करवून घ्यायला गेले. तुरुंगाची भीती नाहीशी झाली होती.

न्यायालयात कोण उभे राहिले?

बसचा कायदा अखेर बदलला तो दुसऱ्या एका खटल्याने. वकील फ्रेड ग्रे यांनी १ फेब्रुवारी १९५६ रोजी तो दाखल केला. त्यात रोझा पार्क्स यांचे नाव नव्हते, कारण त्यांचे अपील राज्याच्या न्यायालयात अडकले होते. शेवटपर्यंत टिकलेल्या वादी होत्या चार बायका : ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅक्डोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्व्हिन. होय, तीच मुलगी. तेव्हा ती तान्ह्या मुलाची आई होती. तिने न्यायालयात उभे राहून निर्भयपणे साक्ष दिली.

५ जून १९५६ रोजी तीन न्यायाधीशांच्या न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. १३ नोव्हेंबरला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्याच दिवशी, त्याच वेळी, माँटगोमेरीच्या न्यायालयात सामुदायिक गाड्यांवर बंदी घालण्याचे काम चालू होते. ती बंदी आलीच. लेखी हुकूम शहरात पोहोचेपर्यंतचे पाच आठवडे लोक गाड्यांवाचून चालले. २१ डिसेंबर १९५६ च्या सकाळी कृष्णवर्णीय लोक पुढच्या दाराने चढले आणि हवे तेथे बसले.

दुखणे तेथे संपले नाही. बसवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि एका गरोदर बाईच्या पायांना इजा झाली. १० जानेवारी १९५७ च्या पहाटे चार चर्चवर आणि दोन पाळकांच्या घरांवर बाँब पडले. पण कायदा मागे गेला नाही. १९६४ साली नागरी हक्कांचा आणि १९६५ साली मतदानाच्या हक्काचा कायदा अमेरिकेत झाला. त्यासाठी आणखी पुष्कळांनी रक्त सांडले. १९६५ साली सेल्मा गावाहून निघालेला मोर्चा माँटगोमेरीला पोहोचला, तेव्हा शेवटच्या रात्री त्या हजारो लोकांना आपल्या मैदानात उतरू देणारी संस्था कॅथलिक होती, संत ज्यूड यांच्या नावाची. तिच्याच इस्पितळात किंग यांच्या पहिल्या मुलीचा जन्म झाला होता.

किंमत कोणी मोजली?

विजयाच्या गोष्टी सांगताना आपण बिल कोणी भरले ते सांगायला विसरतो. बहिष्कार सुरू झाल्यावर महिनाभरात रोझांची नोकरी गेली. रेमंड यांना कामावर या विषयाचा उच्चार करायला मनाई झाली, म्हणून त्यांनी नोकरी सोडली. फोनवर रात्रंदिवस जिवे मारण्याच्या धमक्या येत. दोघांच्याही प्रकृती ढासळल्या. १९५७ साली ज्या शहरासाठी लढले ते शहर सोडून हे कुटुंब उत्तरेकडील डेट्रॉईटला गेले. तेथेही कितीतरी वर्षे हातातोंडाची गाठ पडणे कठीण होते. १९६५ साली खासदार जॉन कॉनियर्स यांच्या कार्यालयात त्यांना काम मिळाले आणि १९८८ पर्यंत त्यांनी ते केले.

मानसन्मान आले ते फार उशिरा. राष्ट्राध्यक्षांचे पदक १९९६ साली मिळाले, तेव्हा त्या त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. २४ ऑक्टोबर २००५ रोजी त्या वारल्या, तेव्हा त्यांचा देह राजधानीत संसद भवनाच्या घुमटाखाली दर्शनासाठी ठेवला. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. क्लॉडेट कॉल्व्हिन यांची मात्र पंधराव्या वर्षीची पोलिसी नोंद पुसून टाकायला न्यायालयाला २०२१ साल उजाडावे लागले.

आपल्यासाठी काय?

बंधुभगिनींनो, हे सगळे वाचून आपण म्हणू, "धन्य ती बाई!" आणि पान उलटू. तसे होऊ नये म्हणून दोन गोष्टी मांडतो.

पहिली अशी. त्या रात्री कुणी जामीन दिला नसता, कुणी पत्रके काढली नसती, कुणी वेदीवरून सूचना वाचली नसती, कुणी केक विकले नसते आणि मोलकरणी चालल्या नसत्या, तर रोझा पार्क्स यांचा 'नाही' चौदा डॉलर दंडाच्या पावतीत संपला असता. क्लॉडेटचा तसा संपलाच होता. एका माणसाचे धैर्य हक्क बनते ते इतरांनी उचलून धरल्यावर. आपल्यापैकी फार थोड्यांवर बसमध्ये नाही म्हणायची वेळ येईल. पण गाडी देण्याची, साक्ष देण्याची, सोबत चालण्याची वेळ प्रत्येकावर येते.

दुसरी गोष्ट अधिक टोचणारी आहे. आपल्या आसपास कुणी अन्यायाविरुद्ध बोलते, तेव्हा आपण प्रथम काय विचारतो? घरकाम करणारी बाई आठवड्याची सुटी मागते, वीटभट्टीवरचा आदिवासी मजूर ठरलेली मजुरी मागतो, एखादी मुलगी तिला त्रास देणाऱ्या प्रतिष्ठित माणसाचे नाव घेते. "काय झाले?" हे आपण विचारतो की "ती कुठली? कुणाची? तिची वागणूक कशी?" हे विचारतो? चांगल्या घरातली, गोड बोलणारी, रविवारी चर्चला दिसणारी व्यक्ती असली तर आपण तिच्या बाजूने उभे राहू. पण हक्क हा चांगल्या वागणुकीचे बक्षीस नसतो. माणूस म्हणून जन्मलेल्या प्रत्येकाला तो मिळायला हवा. हे समजायला माँटगोमेरीच्या भल्या माणसांनाही वेळ लागला. आपल्यालाही अजून पुरते समजलेले नाही, हे आम्ही स्वतःला धरून लिहीत आहोत.

समूहाच्या बैठकीत चर्चेसाठी

१. बसमधल्या चौघांपैकी तिघे उठले. आपण नाइलाजाने उठलो असा एखादा प्रसंग आठवतो का? आज तो पुन्हा आला तर काय वेगळे करता येईल?

२. रोझा पार्क्स बारा वर्षे लहानसहान कामे करीत राहिल्या. आपल्या धर्मग्रामात अशी कोणती निमूट कामे आहेत, जी करायला माणसे मिळत नाहीत?

३. आपल्या वस्तीत कुणी क्लॉडेट आहे का, जिचे म्हणणे खरे असूनही केवळ तिच्या वयामुळे, गरिबीमुळे किंवा स्वभावामुळे आपण ऐकलेले नाही? येत्या आठवड्यात तिच्याकडे कोण जाईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना नाव घ्यावे लागेल. ते बैठकीत घेऊ नये. मनात घ्यावे आणि तिच्या घराची वाट धरावी.